‘हितं काय कमी हाय?’ – परदेशात सेवेला गेलेल्यांनो, तुमचं खरं कारण काय होतं?

कृष्णाकाठची (सांगली) | रविवार, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. चार दिवस हे लिहू की नको करत होते, आज लिहितेच.

मी सांगलीची, वय २८. स्टाफ नर्स आहे, सहा वर्षं नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात. नऊशे ग्रॅमचं बाळ पावणेदोन किलोचं होऊन घरी जातं, ते बघणं हे माझं काम. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमातून, म्हणजे यूएनव्हीमधून, माझी निवड झाली आहे. युगांडाच्या वायव्य कोपऱ्यात यूंबे जिल्ह्यात बिडीबिडी नावाची निर्वासितांची वसाहत आहे. दक्षिण सुदानमध्ये २०१६ साली लढाई पुन्हा पेटली, तेव्हा जीव घेऊन पळालेली माणसं तिथं आली आणि काही महिन्यांत अडीच लाखांवर वस्ती झाली. तिथल्या आरोग्य केंद्रांतल्या नर्सच्या जोडीनं काम करायचं, कमी वजनाच्या बाळांची काळजी शिकवायची. मुदत १२ महिने. पगार नाही. निर्वाह भत्ता, विमानभाडं आणि विमा मिळतो.

घरी सांगितलं तेव्हा आई भांडी घासत होती. तिनं नळ बंद केला आणि तशीच उभी राहिली. आण्णा मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी आहेत, ३१ वर्षं झाली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि एवढंच विचारलं, “हितं काय कमी हाय का सेवा करायला?”

मला उत्तर देता आलं नाही. अर्जात ‘प्रेरणा’ नावाचा रकाना होता, तो मी चांगला भरला होता. मुलाखतीतही बोलले. पण अर्जातलं एकही वाक्य आण्णांसमोर म्हणायला तोंड उघडेना. ती वाक्यं खोटी नव्हती, पण पुरी खरीही नव्हती.

इथं सातारा-सांगलीकडचे असे काही जण आहेत, जे जाऊन आलेत किंवा ज्यांच्या घरातलं कोणी गेलंय. कृपा करून सांगा, तुम्ही का गेलात? मुलाखतीत सांगितलेलं कारण नको. रात्री झोप येत नव्हती तेव्हा मनात जे होतं ते सांगा.

---

माणदेशी_माती (दहिवडी) | रविवार, रात्री ११:४०

ताई, धागा काढलात ते बरं केलंत. मी दहा महिने मलावीत होतो, झोम्बा जिल्ह्यात. जून २०१८ ला गेलो, एप्रिल २०१९ ला आलो. माझं कारण ऐकायला फार मोठं नाही, पण खरं आहे.

२०१६ ला पहिल्या वॉटर कपात, म्हणजे पाणी फाउंडेशनच्या जलसंधारणाच्या स्पर्धेत, आपल्या जिल्ह्यातल्या, कोरेगाव तालुक्यातल्या वेळूला पहिलं बक्षीस मिळालं. त्यानंतर आमच्या माणमध्ये श्रमदानाची लाटच आली. मी कृषी पदविका झालेला. सलग समतल चर आखायचं काम माझ्याकडं. ए-फ्रेम, म्हणजे समपातळी शोधायची काठ्यांची चौकट, घेऊन पहाटे डोंगरावर जायचं, चुन्यानं रेघ ओढायची, मागून गाव टिकाव-पाट्या घेऊन यायचं. कामात मी चांगला होतो. पण गावात मी कायम अमक्याचा पोरगा आणि तमक्याचा पुतण्या. चर बरोबर आला तरी कौतुक भावकीच्या हिशोबानं, चुकला तरी टीका भावकीच्या हिशोबानं. जिथं माझं आडनाव कुणाला माहीत नाही तिथं माझ्या कामाची किंमत किती, हे मला एकदा बघायचं होतं. बस, एवढंच. सेवा, त्याग वगैरे शब्द माझ्या डोक्यात नव्हते.

तिथं गेल्यावर पहिल्याच आठवड्यात एक मावशी मला त्यांच्या मक्याच्या रानात घेऊन गेल्या. उताराला आडवे बांध घातलेले आणि बांधावर हिरवंगार गवत. मी एक पात उपटली, मुळी चोळली, नाकाला लावली. वाळा! आपल्याकडं उन्हाळ्यात माठात टाकतात तो. त्याची मुळं सरळ खाली उतरतात, माती घट्ट धरतात. बांध कुठं घालायचा ते त्यांनी ए-फ्रेमनंच आखलेलं. तीन काठ्या, एक दोरी, एक दगड. मी जे शिकवायला दोन विमानं बदलून आलो होतो ते त्यांच्या अंगणात भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं.

त्या रात्री फार वाईट वाटलं, हे मान्य करतो. मग मी इथं कशाला? दोन-तीन आठवडे नुसता त्यांच्याबरोबर रानात राबलो. हळूहळू कळलं, प्रत्येक जण आपापल्या रानात बांध घालतो, पण डोंगराच्या वरच्या अंगाला कुणीच काम करत नाही, कारण ती जागा कुणाची नाही. पाऊस झाला की वरचं पाणी सुसाट येतं आणि खालचे बांध फोडतं. ‘माथा ते पायथा’ ही गोष्ट आपल्याकडं शाळेतल्या पोराला माहीत असते. आणि सगळ्यांनी मिळून कुणाच्याच नसलेल्या जागेवर घाम गाळायचा, हे आम्ही माणमध्ये भांडत-तंडत शिकलो होतो. माझ्याकडं द्यायला होतं ते एवढंच. तंत्र त्यांच्याकडं होतंच. मी सांगितलं ते गाव कसं गोळा करायचं ते, आणि तेही तिथल्या चिचेवा भाषेतून, मोडकं-तोडकं, हातवारे करत.

मार्च २०१९ ला इडाई वादळाचा पाऊस झाला. दक्षिण मलावीत पूर आला, पुष्कळ गावं पाण्यात गेली. आमच्या डोंगरावरचे निम्मे चर भरून गेले, निम्मे टिकले. टिकलेल्या चरांखालची रानं वाचली. गावच्या प्रमुखानं मला बोलावून न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि सुक्या बारीक मासळीचं कालवण वाढलं. माझं आडनाव त्यानं शेवटपर्यंत विचारलं नाही.

आण्णांना हे सांगा असं म्हणत नाही. तुमचं कारण तुमचंच असणार. पण ते छोटं असलं तरी लाजू नका.

---

शब्दसखी (वाई) | सोमवार, सकाळी ७:१५

माणदेशीदादा, वाळ्याचं वाचून गलबलून आलं. ताई, वाचतेय. वाचनखूण साठवली आहे.

---

बोर_नदीकाठ (जत) | सोमवार, दुपारी २:०५

मी थोडं वेगळं बोलणार आहे. राग मानू नका.

मी जत तालुक्यात उपकेंद्रात एएनएम, म्हणजे गावपातळीवरची नर्स आहे, १४ वर्षं. माझ्याकडं एक गाव आणि पाच वाड्या. पूर्व भागात बाया कन्नड बोलतात, मी शिकून घेतली. तुमच्या वडिलांचा प्रश्न मला अगदी बरोबर वाटतो.

बाळ घरी आलं की आशाताईनं तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं असतं. वजन, ताप, नाळ, दूध ओढतंय का, सगळं बघायचं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना हे शिकवून बाळं वाचवून दाखवली, त्यातनं हे देशभर आलं. पद्धत चांगलीच आहे. पण आमच्याकडं दिवाळी झाली की ऊसतोडीच्या गाड्या भरतात. गेल्या हंगामात एक बाळ माझ्या हातात झालं, एक किलो आठशे. सातव्या दिवशी बघितलं, बरं होतं. चौदाव्या दिवशी आशाताई गेली तर घराला कुलूप. कोयता गेला, बाळंतीण गेली, बाळ गेलं, कुठल्या कारखान्यावर तेही शेजाऱ्याला धड सांगता येईना. मी फोन लावत राहिले. पुढं मार्चमध्ये ती बाई परत आली. बाळ नव्हतं.

तुमच्यासारखी, कमी वजनाच्या बाळाची जाणकार नर्स, आमच्या तालुक्यात मिळत नाही. उसाच्या फडावरची कोपी, म्हणजे तोडकऱ्याची झोपडी काय आणि निर्वासितांची छावणी काय, बाळाला दोन्हीकडं थंडी सारखीच वाजते. मग इथं नाही आणि तिथंच का? जायचं तर जा, तुमचा हक्क आहे. पण लांबच्या सेवेला हार-तुरे आणि जवळच्या सेवेला बदलीचा अर्ज, हे मला सोसत नाही.

---

भूल_आणि_भान (सांगली) | सोमवार, रात्री ९:३०

जतच्या ताई, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. तुम्ही म्हणता ते खरं आहे, आणि मी जे सांगणार आहे त्यानं ते खोडलं जाणार नाही.

मी भूलतज्ज्ञ. वय ५४. वीस-बावीस वर्षं सांगली-मिरजेच्या खासगी रुग्णालयांत भूल देते. सकाळी एकीकडं, दुपारी दुसरीकडं. मेदसाँ साँ फ्रोंतिए ही डॉक्टरांची संस्था १९७१ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झाली, तिला १९९९ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं. शल्यविशारद आणि भूलतज्ज्ञ यांना ती संस्था काही आठवड्यांसाठीही पाठवते, कारण दिवसरात्र हाकेला राहून माणूस थकतो. मी दक्षिण सुदानमध्ये आठ आठवडे होते.

माझं कारण? एका रात्री इथं सिझेरियन आटोपून मी बाहेर आले, तर बाळंतिणीचा नवरा दाराशी उभा होता. त्यानं बाळाबद्दल विचारलं नाही. “मॅडम, बिल किती होईल?” हे त्याचं पहिलं वाक्य. चूक त्याची नव्हती. पण मला वाटलं, आयुष्यात एकदा तरी अशा जागी भूल द्यावी जिथं हा प्रश्न कुणी विचारणारच नाही. तो माझा स्वार्थ होता. मला माझं काम धुऊन परत स्वच्छ बघायचं होतं.

आणि दुसरं, जे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही: मुलं बाहेर गेली, घर रिकामं झालं, आणि त्या रिकामेपणाला मी घाबरले होते.

तिथं भिंतीतून येणारा ऑक्सिजन नाही, हवेतून ऑक्सिजन काढणारं यंत्र असतं आणि ते जनरेटरवर चालतं. जनरेटर दोनदा बंद पडला. मॉनिटर गेला की बोट नाडीवर आणि कान छातीवर, शिकताना जे शिकलो तेच. केटामाइन हे भुलीचं औषध आणि पाठीतली भूल, एवढ्यावर सगळं. एका रात्री एका मुलीचं सिझेरियन होतं, सतरा-अठरा वर्षांची असेल. तिची भाषा मला येत नव्हती. पाठीत सुई टोचताना तिनं माझ्या कोटाचं बटण घट्ट धरलं आणि बाळ रडेपर्यंत सोडलं नाही. बटण तुटलं. मी ते आणलंय, देवघरात आहे.

आता इथं. परत आल्यावर मी आठवड्यातला एक दिवस जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात विनामोबदला भूल देते. तिकडं गेले नसते तर हे केलं असतं का? प्रामाणिकपणे सांगते, नसतं केलं. वीस वर्षं ते रुग्णालय माझ्या घरापासून ११ किलोमीटरवर होतं आणि मला दिसलं नव्हतं.

---

सुभेदार_निवृत्त (सातारा) | सोमवार, रात्री १०:२०

मी स्वयंसेवक नव्हतो. हुकमानं गेलो होतो, काँगोत, गोमाला, निळं हेल्मेट घालून. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भारतानं आजवर दोन लाखांहून जास्त जवान पाठवलेत, त्यातला मी एक. आमच्या सातारा जिल्ह्यात घराघरातनं माणूस बाहेर गेलेला असतो, पण ‘इथं काय कमी आहे’ असं आम्हाला कुणी विचारलं नाही. हुकूम आणि पगार असला की कारण विचारत नाहीत. बिनपगारी निघालं की विचारतात. म्हणून ताई, वडील विचारतात त्यात राग नसतो, काळजी असते.

गोमाची जमीन काळी. ज्वालामुखीचा दगड, आपल्याकडच्या कातळासारखाच दिसतो, पण काचेसारखी धार. विस्थापितांच्या छावणीत पोरं त्यावर अनवाणी पळायची. तिथं आम्ही देशोदेशीचे स्वयंसेवक बघितले. महिनाभरात परत गेलेले बघितले, तीन-तीन वर्षं राहिलेले बघितले. मी एक गोष्ट ताडली. जो लोकांना वाचवायला आलो म्हणायचा तो लवकर थकायचा. कारण लोक रोज वाचत नसतात, रोज रांग लावून पाणी भरत असतात. एक फिलिपिनो बाई होती, नोंदवहीवाली. सकाळी सातला टेबल मांडायची, नावं लिहायची. मी तिला विचारलं, का आलीस? म्हणाली, मला नीट नोंदवही ठेवता येते आणि इथं नोंदवही नव्हती. ती टिकली.

---

फलटणचा_मास्तर | मंगळवार, सकाळी ६:४८

मी निवृत्त इतिहास शिक्षक. चर्चेत दोन-तीन माणसं आणावीशी वाटतात.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ साली जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला भारतातून पाच डॉक्टर गेले, त्यात कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर हे दोघे मराठी. कोटणीस तेव्हा २७ वर्षांचे, उच्च शिक्षणाची तयारी करणारे. वडील वारल्याची बातमी तिकडं पोचली, तरी ते परतले नाहीत. बाकीचे एकेक करून आले. हे राहिले, चिनी भाषा शिकले, तिथंच लग्न केलं, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या ३२ व्या वर्षी तिथंच गेले. आपला देश स्वतः पारतंत्र्यात होता. ‘इथं काय कमी आहे’ हा प्रश्न त्या काळी आजच्यापेक्षा किती मोठा असेल! शेवटपर्यंत ते ज्या कारणानं राहिले ते पहिल्या दिवशीचं नसावं, असं मला वाटतं. रुग्ण समोर आले, माणसं आपली झाली, आणि कारण वाढत गेलं.

दुसरे, ताई, तुमच्या शेजारचेच. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वॉन्लेस १८८९ मध्ये इकडं आले, १८९४ मध्ये मिरजेचं रुग्णालय उभं राहिलं, आणि १९२८ पर्यंत ते इथं राबले. वॉन्लेसवाडी त्यांच्याच नावाची. ते मिशनरी होते, धर्मप्रसार हे त्यांचं उघड कारण होतं, ते लपवायचं कारण नाही. पण मिरज आज दवाखान्यांचं गाव आहे, त्याची मुळी तिथं आहे. आमच्या आजोबांचा मोतीबिंदू मिरजेतच काढला होता. डॉक्टरांचा हेतू कोणता, हे आजोबांनी विचारलं नसेल. त्यांना फक्त परत गीता वाचता येऊ लागली.

आणि तिसऱ्या एक आजीबाई. अमेरिकेच्या पीस कॉर्प्स या स्वयंसेवक योजनेतून १९६६ मध्ये लिलियन कार्टर मुंबईत विक्रोळीला आल्या, तेव्हा त्यांचं वय ६८. नर्स होत्या. त्यांचे चिरंजीव जिमी कार्टर पुढं राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांच्याही घरी कुणीतरी म्हटलंच असेल, या वयात, आणि इतक्या लांब?

म्हणजे ये-जा दोन्हीकडून आहे. आपण घेतलंय. कधी आपल्यातलं कुणी द्यायला निघालं तर वावगं वाटू नये.

---

पुन्हा_शून्यापासून (इस्लामपूर) | मंगळवार, दुपारी १२:३०

माझं कारण चुकीचं होतं, तेही इथं असायला हवं म्हणून लिहितो.

इंजिनिअरिंग झाल्यावर परदेशी विद्यापीठाच्या अर्जात ‘समाजकार्य’ दाखवायचं होतं. एका एजन्सीला पैसे भरून कंबोडियातल्या एका अनाथालयात दोन आठवडे गेलो. वडिलांनी दिलेले पैसे, लाखाच्या वर. मुलांना इंग्रजी गाणी शिकवली, फोटो काढले. सहा वर्षांचा एक मुलगा पहिल्याच दिवशी गळ्यात पडला. मला वाटलं, केवढं प्रेम! निघायच्या दिवशी तो रडला नाही. नुसता नव्या बॅचच्या गाडीकडं धावला आणि उतरणाऱ्या पहिल्या मुलीच्या गळ्यात पडला.

ते मला पुढं वर्षभर कळलं नाही. मग वाचत गेलो. कंबोडियातल्या अशा संस्थांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील जिवंत असतात, हे युनिसेफनंच मांडलंय. गरिबीपायी मुलं तिथं येतात, आणि पाहुणे पैसे देतात म्हणून अशा संस्था वाढतात. ऑस्ट्रेलियानं २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा करताना हा प्रश्न पुढं घेतला. मी भरलेल्या पैशांनी एखादं मूल घरापासून लांब राहिलं असेल, हा विचार जात नाही.

कृष्णाकाठचीताई, तुमचं तसं नाही. तुमच्याकडं कौशल्य आहे, मुदत वर्षाची आहे, आणि यूएनव्ही उमेदवाराकडून पैसे घेत नाही. पण इथं वाचणाऱ्या मुलामुलींना सांगतो, कुणी पैसे मागून ‘सेवेची संधी’ देत असेल आणि त्यात लहान मुलं असतील तर जाऊ नका.

---

मनोव्यापार (सातारा) | मंगळवार, सायंकाळी ५:१०

मी मानसशास्त्र शिकवते. स्वयंसेवक का पुढं येतात, यावर क्लॅरी, स्नायडर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये एक मांडणी केली, ती आजही वापरतात. त्यांनी सहा प्रेरणा सांगितल्या. मूल्यं आणि नवं समजून घेणं या दोन तर आपण सगळेच सांगतो. ओळखीपाळखी आणि करिअर, हे दोन जरा चाचरत सांगतो. उरलेल्या दोन आपण लपवतो: स्वतःबद्दल बरं वाटावं ही एक, आणि स्वतःच्या दुःखापासून किंवा अपराधी भावनेपासून सुटका मिळावी ही दुसरी. वरचे प्रतिसाद वाचा, डॉक्टरांनी शेवटची किती सरळ सांगितली आहे.

एका माणसात तीन-चार प्रेरणा एकदम असतात, त्यात दोष नाही. त्या कामातून जे मिळावंसं वाटतं ते मिळत राहिलं, तर माणूस टिकतो. म्हणून स्वतःशी खरं बोलणं हे इथं व्यवहाराच्या दृष्टीनंही लागतं.

---

कराडची_आई | मंगळवार, रात्री ९:०५

माझा मुलगा इथिओपियात, गांबेलाच्या निर्वासित छावणीत पाण्याच्या नळयोजनेवर आहे. मला कारणांचं फार कळत नाही. तो गेला तेव्हा मी दोन महिने नीट जेवले नाही.

तिकडं दिवस उजाडला की घड्याळ सुरू होतं. सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. आपल्याकडं पूर्वी उगवतीपासून घटका मोजायचे तसंच. शिवाय आपल्यात आणि त्यांच्यात अडीच तासांचा फरक. मी स्वयंपाकघरात दुसरं घड्याळ लावलंय, त्याच्या वेळेचं. त्यात बघते आणि म्हणते, आता उठला असेल, आता टाकीवर गेला असेल. ताई, आईला असं एक घड्याळ घेऊन द्या. भिंतीवर स्वतः लावून द्या. कारण सांगितलंत नाहीत तरी चालेल.

---

कृष्णाकाठची | मंगळवार, रात्री ११:३५

सगळ्यांचं दोनदोनदा वाचलं. आज ड्युटीवर बाळाला नळीनं दूध देताना मनात हेच चाललं होतं. आता मी माझं सांगते. जतच्या ताई, हे मुख्यतः तुम्हाला.

ऑगस्ट २०१९. आम्ही खणभागात राहतो. आयर्विन पुलावर पाणी ५७ फुटांवर गेलं, त्या दिवशी आम्ही दुसऱ्या मजल्यावर अडकलेलो. दोन दिवसांनी बोट आली. बोटीतल्या एका जवानाला मराठी येत नव्हतं, हिंदीही तुटक. त्यानं आजीला लहान बाळासारखं उचललं. मला कॉलेजच्या मुलींबरोबर निवारा केंद्रात कामाला घातलं. नऊ दिवस. जुलाब, ताप, पायाच्या जखमा, तीन बाळंतिणी. ओआरएसची पाकिटं फोडून फोडून बोटं मिठानं चरचरत होती. झोप नव्हती, कपडे ओले होते, आमच्या घरात चिखल गुडघाभर होता.

आणि ते माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले नऊ दिवस होते.

हे मी कधी कुणाला बोलले नाही. लोकांचे संसार वाहून गेले, ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, आणि मला चांगलं वाटत होतं, कारण मी कुणाला तरी लागत होते. त्याची मला लाज वाटते. मला पुन्हा तसं लागायचंय. अर्जात मी ‘मानवतेसाठी’ लिहिलं. खरं हे आहे. शिवाय घरात स्थळं बघायचं चाललंय, त्यातून वर्षभर सुटका, हेही आहे. मनोव्यापारताई, तुमच्या सहापैकी चार तर इथंच झाल्या.

ताई, तुमच्या त्या बाळाबद्दल वाचून मी रडले. जतला का नाही, याचं उत्तर शोधलं तेव्हा कळलं की तुमच्याकडं असं काम आहे, हे मला माहीतच नव्हतं. युगांडाचं पद नकाशासह, कामाच्या यादीसह माझ्या मोबाईलवर आलं. जत माझ्या जिल्ह्यात असून आलं नाही. हे माझं समर्थन नाही, जे घडलं ते सांगतेय.

अजून एक. आमच्या कक्षात बाळाला आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून बांधतात, कांगारू मदर केअर. ते १९७८ साली कोलंबियात, बोगोटामध्ये सुरू झालं, तिथं उबदार पेट्या पुरत नव्हत्या म्हणून. तिथल्या डॉक्टरांनी शोधलेलं सांगलीत माझ्या हाताला आलं. ते पुढं न्यावं असं मनापासून वाटतं. आण्णांना हे सांगता येईल असं वाटतंय.

---

बोर_नदीकाठ | बुधवार, पहाटे ५:५०

लाज वाटून घेऊ नका. बाळंतपण नीट झालं, बाळ रडलं की मलाही तसंच वाटतं. नाहीतर १४ वर्षं कोण काढतं?

माझं म्हणणं मी मागं घेत नाही. पण तुमच्यावर राग नाही.

---

माणदेशी_माती | बुधवार, सकाळी ८:२०

ताई, कामाचं सांगतो. पिवळ्या तापाची लस जायच्या किमान १० दिवस आधी घ्या, मुंबईला मिळते. ते पिवळं कार्ड पासपोर्टमध्येच ठेवा, परत येताना आपल्या विमानतळावर तपासतात. हल्ली एकदा घेतली की जन्मभर चालते. मलेरियाच्या गोळ्या सुटू देऊ नका. आणि नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीची कागदपत्रं साक्षांकित करून न्या, युगांडाची त्यांची वेगळी कौन्सिल आहे, तिथंही नोंद लागेल. बिडीबिडीत दक्षिण सुदानी लोक जुबा अरबी बोलतात असं ऐकलंय, शंभर शब्द तरी इथूनच पाठ करून जा. पहिला महिना नुसतं त्यांचं काम बघा.

---

कृष्णाकाठची | शुक्रवार, रात्री १०:१५

काल रात्री आण्णांना हा धागा वाचून दाखवला. अख्खा. आई दारात उभी राहून ऐकत होती.

माझा प्रतिसाद वाचताना आवाज जात होता, तरी वाचला. आण्णा काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “त्या जतच्या बाईचं परत वाच.” परत वाचलं. म्हणाले, “ही बाई बरोबर बोलतीया.”

मी गप्प. मला वाटलं संपलं.

मग विचारलं, “त्या बोटीतल्या पोराला आपण गाव इचारलं होतं का गं?” मी म्हटलं, नाही. म्हणाले, “त्याच्या बापानं पण म्हटलं असंल, हितं काय कमी हाय.” थोडा वेळ गेला. “जा. पण आल्यावर या बाईकडं किती दिवस जाशील ते मला आत्ता सांग.”

मला पटकन आकडा सांगता आला नाही. डॉक्टरांचा एक दिवस डोक्यात होता. मी म्हटलं, ऊसतोडीच्या आधीचे दोन महिने, सप्टेंबर-ऑक्टोबर. जातानाच्या बायांना बाळ छातीशी बांधायला शिकवायचं, म्हणजे कोपीतसुद्धा त्याला ऊब राहील. आण्णांनी पेढीच्या वहीत तारीख घालून लिहून ठेवलं, हळदीच्या हिशोबाच्या खाली.

जतच्या ताई, तुम्हाला न विचारता ठरवलं, माफ करा. चालेल का? जायच्या आधी एकदा येऊन तुमच्या वाड्या बघायच्या आहेत. पत्ता व्यनि (खासगी निरोप) कराल?

आईनं घड्याळ आणलंय. रविवारी लावणार आहे.

---

बोर_नदीकाठ | शनिवार, पहाटे ५:४०

व्यनि केलाय. कवठेमहांकाळवरनं एसटी आहे. आधी फोन करा, लसीकरणाच्या दिवशी मी उपकेंद्रात नसते, वाडीवर असते. कन्नडमध्ये बाळाला ‘कूसु’ म्हणतात. तेवढं पाठ करून या.